‘हात बसलेल्याला गार्ड लागत नाही’ म्हणे!

सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपता संपता आमच्या गल्लीत एकदम तीन जुन्या स्कूटर धूळ झटकून बाहेर निघाल्या आणि त्याच आठवड्यात तो मेसेज फिरायला लागला. वर ठळक अक्षरात ‘जुनी गाडी घरीच नवी करा, मेकॅनिक हे सांगणार नाही’, खाली सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले. शाळेच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, आणि मेव्हण्याने ‘दाजी, तुमच्या कामाचं’ म्हणून मला वेगळा पाठवला.

कामाचं होतं खरं. वडिलांची १९८७ची चेतक स्कूटर गेली दोन वर्षं माझ्या अंगणात उघडी पडली आहे. फ्लोअरच्या रबरी पट्ट्या उचलल्या तेव्हा खालचा पत्रा जाळीदार झालेला निघाला आणि तेव्हापासून गोल डिस्क फिरवून पत्रा घासणारा-कापणारा ग्राइंडर, ड्रिल, वायर ब्रश हे माझे रविवारचे सोबती आहेत. मेसेज मी नीट वाचला. बहुतेक मुद्द्यांचा गाभा एकच: लक्ष ठेवून काम करणाऱ्याला गार्ड (मशीनच्या फिरत्या भागावरचं झाकण), गॉगल, मास्क यांची गरज नाही, ते नवशिक्यांसाठी असतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. उन्हात दोन तास वाकून पत्रा घासला की सगळ्यात आधी संपतं ते लक्षच.

आता एकेक मुद्दा घेतो.

‘ग्राइंडरचा गार्ड काढून टाका. तो कोपऱ्यात जाऊ देत नाही. हात बसलेल्या माणसाला तो लागत नाही.’ यातलं मधलं वाक्य खरं आहे. चेतकच्या मागच्या चाकाच्या पोटात गार्ड खरंच अडतो. पण तो ढिला करून फिरवता येतो, आणि फिरवूनही जमलं नाही तर ती जागा ग्राइंडरची नाही, कानशीची किंवा हॅकसॉच्या पात्याची आहे. वेळ लागतो, बोटं दुखतात, काम होतं.

हात बसण्याचा हिशेबही करून बघा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे डिस्कची कड सेकंदाला ५७ मीटर पळते, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. काही बिनसलेलं दिसून हात मागे घ्यायला चपळातल्या चपळ माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात डिस्कचे ३६ फेरे होऊन गेलेले असतात. पत्र्याची चीर मिटून डिस्क चिमटली गेली की मशीन उसळते, नाहीतर डिस्क फुटते. दोन्ही वेळेला तुमचा हात किती वर्षांचा बसलेला आहे हे तिला कळत नाही.

वडील सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या मागावर कामाला होते. आमच्याकडे धोटा (आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो) उडणे हा रोजच्या बोलण्यातला शब्द. धोटा बाहेर उडू नये म्हणून मागाला पुढे सळईचा गार्ड असतो, आणि तुटलेला धागा जोडताना तो हाताला आडवा येतो म्हणून कारागीर तो वर बांधून ठेवत. वडिलांच्या डाव्या भुवईवर धोट्याची खूण होती. ती लागली तेव्हा ते अठरा वर्षं मागावर होते. नवशिके नव्हते. नवशिका घाबरून लांबच उभा राहतो.

गार्ड काढायचं खरं कारण मेसेजने लिहिलेलंच नाही, ते मी लिहितो. गार्ड निघाला की चार इंची मशीनवर मोठी डिस्क चढवता येते. मोठ्या डिस्कचं भोक २२ मिलिमीटरचं, आपल्या मशीनच्या डिस्कचं १६चं. मग मध्ये वॉशर घालून जमवतात. सात इंची डिस्कवर ८,५००च्या आसपास फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती ११,०००वर फिरवली की कड सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जाते, आणि ती बनवलेली असते ८० मीटरसाठी. त्यात कापायच्या पातळ डिस्कच्या बाजूने घासायची सवय असेल तर बघायलाच नको. डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर तारीख असते, तीही वाचा. राळेने जखडलेली डिस्क जुनी होऊन कमजोर होते, ओल लागली तर लवकर होते.

आणि लाईट. काम चालू असताना लाईट गेली की आपण मशीन तशीच जमिनीवर ठेवतो आणि चहाला जातो. सरकत्या स्विचच्या मशीनचा स्विच चालूच राहतो. लाईट येते तेव्हा मशीन अंगणभर नाचते. आमच्याकडे एकदा नाचली. वायर गुंडाळून स्वतःच थांबली. तेव्हापासून लाईट गेली की आधी प्लग काढतो.

‘नंबरचा चष्मा असेल तर वेगळा गॉगल कशाला?’ हा मुद्दा मी स्वतः पाळत होतो, म्हणून त्यावर अधिकाराने बोलतो. मागच्या उन्हाळ्यात ग्राइंडरला लावायच्या वाटीसारख्या तारांच्या कप ब्रशने फ्लोअरची आतली बाजू घासत होतो. चष्मा घातलेला. कण समोरून आला नाही, गालावर आपटून काचेच्या खालून वर गेला. दुपारी नुसतं खुपत होतं. शेजारच्या काकांनी रुमालाचं टोक ओलं करून काढून देतो म्हटलं, मी नको म्हटलं एवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी केली. रात्री डोळा उघडेना. सकाळी डॉक्टरांनी बधिर करणारा थेंब टाकून सुईने कण काढला आणि म्हणाले, अजून एकदा यावं लागेल. लोखंडाचा कण बुबुळावर काही तास राहिला तरी भोवती गंजाचं कडं धरतो. कण निघतो, कडं मागे राहतं. गाडीचा गंज काढता काढता डोळ्याला गंज लागला, असं बायकोने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

चष्म्याच्या बाजू उघड्या असतात, एवढीच गोष्ट आहे. कडेने बंद असलेला गॉगल आणि ग्राइंडर असेल तर त्यावर तोंड झाकणारी पारदर्शक ढाल. वायर ब्रश तर तारा झाडतोच. त्या दिवशी माझ्या शर्टच्या खिशावर एक तार टाचणीसारखी उभी रुतलेली होती.

जाता जाता वेल्डिंगचंही सांगतो, कारण मेसेजच्या याच मुद्द्यात ‘एक-दोन टाके मारायला काच लागत नाही, मान फिरवा’ असं आहे. वेल्डिंगची झळ डोळ्याला तेव्हा कळत नाही, सहा-बारा तासांनी मध्यरात्री कळते. डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं. मग आपल्याकडे बटाट्याच्या चकत्या ठेवतात आणि डोळ्यात दूध घालतात. दूध घालू नका, डॉक्टरकडे जा.

‘हातमोजे घाला आणि बिनधास्त राहा.’ कुठल्या मशीनवर ते सांगायला नको? ग्राइंडर धरताना घट्ट बसणारे चामडी मोजे ठीक. ड्रिल चालवताना विणलेले सुती मोजे म्हणजे स्वतःहून बोट देणं. बिटला एक धागा मिळाला की ते मोजा गुंडाळतं आणि मोज्यात हात असतो. मागाच्या पट्ट्याशेजारी धोतराचा सोगा, लुंगी सैल सोडायची नाही हे सोलापुरात पोराटोरांना माहीत असतं, तोच नियम आहे. याच मुद्द्याच्या शेवटी ‘गळ्यातला दोरा, सैल शर्ट काढा’ असं लिहिलंय. ते मात्र शंभर टक्के बरोबर, मेसेज लिहिणाऱ्याला तेवढे मार्क देतो.

आता चौथा. बाकी सगळे मुद्दे चुकीचे आहेत, हा जीव घेणारा आहे. ‘पेट्रोलची टाकी रिकामी करून दोनदा पाण्याने धुवा, मग भोकाला बिनधास्त वेल्डिंग करा.’

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते, हे ऐकायला उलटं वाटतं. पेट्रोल पातळ स्वरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच: साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. रिकाम्या टाकीत तेच मिश्रण आपोआप तयार होतं. मी हिशेब मांडून बघितला. पाच-सहा लिटरच्या टाकीत दीड टक्का वाफ व्हायला अर्धा मिलिलिटर पेट्रोल पुरतं. म्हणजे आठ-दहा थेंब. चाळीस वर्षांच्या टाकीच्या शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली आणि तळाला चिकटलेल्या जुन्या पेट्रोलच्या डिंकात तेवढं असतंच. पाणी त्यात शिरत नाही, कारण पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत. वास येत नाही म्हणून टाकी स्वच्छ, असंही नाही. वेल्डिंगची आच लागली की तो डिंक तापून नव्याने वाफ सोडतो, आणि ठिणगी तर तुम्हीच देताय. पत्र्याचा डबा बंद, तुमचं तोंड त्यावर वाकलेलं.

‘मुरलेले लोक टाकीत पाणी भरून करतात की’ असं यावर मला ग्रुपवर उत्तर आलं. करतात. ते टाकी अशी कलती धरतात की भोकाखाली जेमतेम बोटभर पोकळी राहते, आणि त्यातलेही काही जण भुवया जळलेले भेटतात. घरी हे करायचं नाही. टाकीचं काम रोज करणाऱ्याकडे द्या, भोक बारीक असेल तर आतून लावायचं सीलर वापरा, नाहीतर दुसरी टाकी शोधा. चेतकच्या टाक्या जुन्या बाजारात मिळतात.

टाकी काढून लांब ठेवली तरी बाकीचं पेट्रोल विसरू नका. कार्ब्युरेटर धुवायला ताटलीत ओतलेलं पेट्रोल आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात डोळ्यांदेखत उडतं. त्याची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत उंबऱ्यातून घरात जाते. आमच्याकडे देवघर खाली आहे आणि त्यात दिवा असतो. म्हणून ती ताटली आता गच्चीवर, आणि ज्या दिवशी ताटली त्या दिवशी ग्राइंडर नाही.

‘एमसीबी असेल तर शॉकची भीती नाही.’ एमसीबी, म्हणजे मीटरच्या बोर्डातला आपोआप पडणारा खटका, वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नसते. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअर ओलांडल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या छातीतून त्याचा पाचशेवा हिस्सा, ३० मिलिअँपिअर, गेला तरी प्रसंग ओढवू शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा खटका, वेगळी लागते, आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ती दुहेरी आवरणाची आहे, दोन पिनांवर चालते. जुनी लोखंडी बॉडीची ड्रिल मात्र अर्थिंगशिवाय लावायची नाही, आणि बोर्डात बसत नाही म्हणून तिची तिसरी पिन कापायची तर अजिबात नाही. घामाने भिजलेला हात सुक्या हाताइतका करंट अडवत नाही, आणि सोलापुरात वर्षातले चार महिने हात सुका नसतो.

‘धुळीला रुमाल पुरे.’ गंजाच्या धुळीला एकवेळ पुरेल. जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस. म्हणून रंग सुका घासू नका, पेंटर लोक पाणी मारून घासतात तसा घासा, आणि ब्रेकच्या ड्रममधली काळी भुकटी हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेका. हार्डनर घालून मारायच्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. एकदा त्याने दम्याची वाट धरली की पुढे नुसत्या वासानेही छाती भरते. तो रंग मी पेंटरकडूनच मारून घेणार आहे. यात कमीपणा नाही.

शेवटचा मुद्दा, ‘बॅटरीवरची मशीन म्हणजे खेळणं, पोरांच्या हातात द्या.’ चेतकचं चाक दोन पत्र्यांच्या रिंगा नटांनी जोडून केलेलं असतं. चाक ड्रमपासून सोडवायचे नट वेगळे, या रिंगा जोडणारे वेगळे. पाना घेऊन बसलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या नटाला थबकतो. बॅटरीची नट खोलायची मशीन अर्ध्या मिनिटात सगळे नट काढते, चुकीचेही. ट्यूबमध्ये हवा असताना शेवटचा नट निघाला की रिंग तोफेसारखी सुटते. आधी हवा सोडायची, व्हॉल्वची पिन काढून सोडायची, मग मशीन हातात घ्यायची, आणि पोरांना तेव्हा मागे नाही, घरात पाठवायचं.

हे सगळं मी मेव्हण्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘दाजी, पटलं, पण माझ्या मशीनचा गार्ड कधीच हरवलाय.’ मग दोघं मिळून बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं, चार इंचीचा नुसता गार्ड मिळेल का? त्याने आधी आमच्याकडे बघितलं, मग काउंटरखालून पुठ्ठ्याचं खोकं ओढलं. आत पंचवीस-तीस गार्ड, काहींना प्लॅस्टिकची पिशवीही तशीच. ‘मशीन घेतात आणि हे इथंच ठेवून जातात ओ,’ तो म्हणाला. कॉलरचं माप जुळणारा शोधायला अर्धा तास गेला. पैसे त्याने घेतले नाहीत.