मालकाचे उत्तर: तो चाफा वाळलेला नाही

नमस्कार मॅडम,

आम्ही आपल्या अंगणात केलेल्या बागेच्या कामाबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. माळी येतो म्हणून सांगून आला नाही, त्याला समज दिली आहे. पण "झाडं निवडण्यात महिना घालवला आणि अंगणात वाळक्या काड्या रोवून पैसे घेतले" हे मात्र जिव्हारी लागलं. आमचं कामच तोंडी शिफारशीवर चालतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या काड्या म्हणजे पांढरा चाफा. पुण्यात थंडी पडली की तो पानं टाकतो, ऊन तापलं की पुन्हा फुटतो. फांदीवर नखाने हलकेच ओरखडा काढून बघा. आत हिरवं दिसेल, पांढरा चीक येईल. (चीक डोळ्याला लागू देऊ नका.)

तो तिथेच का, हे मी कामाच्या आधी बोललो होतो. दक्षिणेच्या कट्ट्यावर आपल्या सासूबाई हिवाळ्यात उन्हाला बसतात. तिथे बारमाही दाट झाड लावलं असतं, तर ऐन डिसेंबरात त्यांना सावलीत बसावं लागलं असतं. चाफा मोकळा होतो, ऊन थेट कट्ट्यावर येतं आणि मागच्या भिंतीवर फांद्यांची नक्षी उमटते. ती नक्षी मी कागदावर काढूनही दाखवली होती.

वेळ गेला तो याच गोष्टींत. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत रोप निम्म्यात मिळतं, मान्य. पण तिथे माणूस त्या दिवशी फुललेलं असेल तेच उचलतो. मोगरा ओसरल्यावर पावसाळ्यात काय, दिवाळीनंतर काय, हा वर्षाचा हिशेब कुणीतरी मांडावा लागतो. शिवाय मोबाइलमधले फोटो आपण वरचेवर बदलत होतात, ते लिहायचं राहिलं बहुतेक. त्यातलं लॅव्हेंडर आपल्या पावसात कुजतं. कण्हेर विषारी, घरात रांगतं बाळ, म्हणून मीच नको म्हटलं आणि तगर, कुंद लावला. कुंद आत्ता फुलावर असेल. त्याबद्दल एक शब्द नाही!

असो. यापुढे कुठलं झाड कधी पान टाकतं, ते कोटेशनमध्येच लिहून देऊ, बाकीही सुधारणा चालू आहेत. शनिवारी मी स्वतः येतो. तोवर चाफ्याला रोज पाणी घालू नका, या दिवसांत बुंधा सडतो. आणि छाटू तर अजिबात नका.