मिस्टरी शॉपिंग : फुकट खरेदी नव्हे, मेहनतीचे काम

‘मिस्टरी शॉपिंग म्हणजे फुकट खरेदी आणि वर पैसे’ हे एका लेखातील विधान मला पटले नाही, कारण गेली दोन वर्षे नोकरी सांभाळून मी पुण्यात हे काम करते आहे. कंपनीच्या वतीने साधे ग्राहक बनून दुकानात जायचे, तिथली सेवा गुपचूप तपासायची आणि तिचा अहवाल द्यायचा, असे हे काम. कर्वे रस्त्यावरील एका कपड्यांच्या दुकानात विक्रेत्याने किती वेळाने विचारपूस केली, ट्रायल रूमची कडी नीट लागते का, बिल न मागता मिळाले का, हे सारे चेहऱ्यावर काही न दाखवता लक्षात ठेवायचे होते; बाहेर येताच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी वेळा टिपल्या आणि रात्री दोन तास बसून अहवाल भरला. बिलाचा फोटो अस्पष्ट आल्याने त्या वेळी मानधन तर गेलेच, खरेदीचे पैसेही परत मिळाले नाहीत. शिवाय अहवालात विक्रेत्याचे नाव जाते. आपल्या घाईमुळे कोणाच्या पोटावर पाय येऊ नये, म्हणून मी प्रत्येक उत्तर दोनदा वाचते. नोंदणीसाठी आधी पैसे मागणाऱ्यांकडे, विशेषतः टेलिग्रामवर ‘टास्क’ देणाऱ्यांकडे, कृपया फिरकू नका, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.