नैनीताल सहलीला एक स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आग लागलेली असताना आम्ही तुम्हाला नैनीतालला नेलं, बोटिंगचे पैसे ‘वाचवले’, आणि आमच्या टूर मॅनेजरनं धुराला धुकं म्हटलं, अशा तुमच्या तक्रारी आहेत.

शेवटची आधी घेते, कारण ती पूर्ण खरी आहे. २६ एप्रिल २०२४ ला पाइन्स भागात, हायकोर्टाच्या वसाहतीपर्यंत आग आली होती. तुमच्या सासूबाईंनी विचारलं, हा वास कसला? आमचा टूर मॅनेजर मुलगा म्हणाला, “धुकं आहे काकू, डोंगरात असतंच.” लोक घाबरू नयेत म्हणून बोललो म्हणतो. एप्रिलात घसा जाळणारं धुकं! आपल्या माळव्यात गहू निघाल्यावर नरवाई, म्हणजे शेतात उरलेले खुंट, जाळतात, इंदूरच्या माणसाला धूर ओळखायला शिकवावं लागत नाही. काकूंना दमा आहे हे आमच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. त्यांना लगेच खिडक्या लावून खोलीत बसवायचं, मास्क द्यायचा, ते राहिलं. चूक आमची. मी माफी मागते.

मुद्दाम आगीत नेलं, हे मात्र मान्य नाही. आपण २३ तारखेला निघालो. कुमाऊंच्या जंगलात आगी लागल्याच्या बातम्या होत्या, पण त्या तिकडे दर उन्हाळ्यात असतात. चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडाखाली वाळक्या सुयांचा थर साचतो, पिरूल म्हणतात त्याला. त्यात राळ असते, ठिणगी पडली की भडकतो. त्यातून तो हिवाळा कोरडा गेलेला. तरी आग गावाला येऊन भिडेल असं मला वाटलं नाही. अंदाज चुकला. त्या बातम्या निघण्याआधी ग्रुपवर टाकायला हव्या होत्या, म्हणजे यायचं की नाही हे तुम्ही ठरवलं असतं.

बोटिंग प्रशासनानं बंद केलं होतं. शनिवारी हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर जवळच्या भीमताल तलावातून बादली भरभरून आगीवर पाणी ओतत होतं. त्याचे सगळ्यात जास्त व्हिडिओ तुमच्याच यजमानांनी ग्रुपवर टाकलेत! बोटीचे पैसे सोमवारी तुमच्या खात्यात जमा केलेत, बघून घ्या.

मुक्तेश्वर त्याच दिवशी रद्द करून सगळ्यांना खाली रामनगरला आणलं. ती बस आणि तिथला मुक्काम आमच्या खर्चानं झाला. मुक्तेश्वरच्या हॉटेलनं अजून आम्हाला एक रुपया परत दिलेला नाही, तरी तुमच्या वाटचे मी देते. पूर्ण सहलीचे पैसे मात्र देणार नाही. बाकीचे दिवस राहणं, जेवण, फिरणं ठरल्याप्रमाणे झालंय.

आणि काकूंचा नेब्युलायझर बसमध्ये राहिला होता, तो रामबागच्या ऑफिसात आहे. संध्याकाळी मुलगा आणून देईल. तो दारात नको असेल तर तसं कळवा, मीच येते.