ओळख आहे ना? मग जा दुबईला!

तर शेठ, कांद्याचा पहिला कंटेनर जेबेल अली बंदराला लावायचा आणि पाठोपाठ आपण जातीनं दुबईच्या अवीर मार्केटात जाऊन उभं राहायचं, असं तुम्ही ठरवलंय. उत्तम केलंत. आता लोक घाबरवायला येतील. कुणी म्हणेल वकिलाला विचारा, कुणी म्हणेल करार लेखी करा. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. ज्यांना धंदा जमत नाही तेच कागद वाचत बसतात.

माहिती हवीच असेल तर गावात दुबईला राहून आलेला एकजण असतोच, त्याला धरा. तो सांगेल, तिकडे शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी सगळं उघडं. बिनधास्त रविवारी सरकारी कचेरीतलं काम काढा. जानेवारी २०२२ पासून तिथे सुट्टी शनिवार-रविवारी गेली, शुक्रवारी सरकारी कचेऱ्या बारालाच आटपतात. पण आपला माणूस २०१७ च्या दिवाळीला परत आला, त्याच्या लेखी घड्याळ तिथेच थांबलंय. तो सांगेल, तिकडे टॅक्स नावाची भानगडच नाही. तो आला आणि लगेच जानेवारी २०१८ ला ५ टक्के व्हॅट लागला. पुढे जून २०२३ पासून पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी करही आला. कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा तिथल्या अरबाच्या नावे ठेवावा लागतो, असंही तो छातीठोकपणे सांगेल. बहुतेक धंद्यांना ही अट २०२१ पासून उरलेली नाही, हे त्याला सांगून त्याचा हिरमोड करू नका. तो अरब त्याच्या ओळखीतला आहे.

बॅग भरायचं काम घरच्यांवर सोपवा. पहिल्या भेटीला रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, तेव्हा पार्टीसाठी, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी, घरचे अनारसे न्या. वरून खसखस चांगली दाट लावलेली हवी, म्हणजे एक्स-रेच्या पट्ट्यावरून डबा उतरवून घेणाऱ्यालाही काम केल्याचं समाधान मिळेल. खसखस तिथे अमली पदार्थांत धरतात. आपण म्हणायचं, ‘साहेब, गोडाचं आहे, खाऊन तर बघा.’ विड्याची पानंही न्या, तीही बंदीच्या यादीत आहेत. कंबरदुखीच्या गोळ्या असतील तर पाकिटातून काढून पुडीत बांधा, जागा कमी लागते. त्यात ट्रामाडॉल आहे का, खोकल्याच्या बाटलीत कोडीन आहे का, हे बघायला आपण काय डॉक्टर आहोत? डॉक्टरांची चिठ्ठी घरी फ्रीजवर लोहचुंबकाखाली लावलेली आहे, ती तिथेच राहू द्या.

व्हिसा अर्थातच फिरायला जाणाऱ्यांचा काढा, स्वस्त पडतो. त्यावर बोलणी करता येतात, चहा पिता येतो. पण तुम्ही गाळ्यावर उभं राहून माल विकू लागलात की ते बिनपरवान्याचं काम ठरतं, आणि गाळेवाल्याला पकडलं तर त्याचा दंड लाखांत जातो, दिरहममध्ये. तुमचं काय बिघडतं? तुमच्या परतीच्या तिकिटाची सोय सरकार करतं आणि पुन्हा येण्याचा खर्चही वाचवतं.

आता मुख्य गोष्ट, पार्टी. ती कशी ओळखायची? ऑफिस बघून. काचेची इमारत, बाहेर पाटी, आत एसी, खजूर, कावा नावाची अरबी कॉफी आणि ‘भाईसाब’ म्हणणारा मॅनेजर. झालं. ट्रेड लायसन्सचा नंबर मागू नका, माणूस दुखावतो. खरं तर तो नंबर घरबसल्या ऑनलाइन तपासता येतो, पण खजूर खाऊन झाल्यावर असला संशय शोभत नाही. पहिला सौदा लहान असेल, पैसे चार दिवसांत खात्यात. दुसरा थोडा मोठा, तेही चोख. तिसऱ्या वेळी तो पाच कंटेनर मागेल आणि पुढच्या तारखेचा चेक देईल. तुम्ही म्हणाल, एलसी उघडा, म्हणजे पैशाची हमी तुझी बँक घेईल. तो हसेल. म्हणेल, ‘शेठ, आपल्यात एलसी?’ इथे तुम्हीही हसायचं. परदेशी गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर कामी येणारा, ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा? हप्त्याचे पैसे वाचवा. चेकची तारीख येईपर्यंत त्या ऑफिसात दुसरी पाटी लागलेली असते, मॅनेजरचा फोन बंद असतो आणि खाली सुरक्षारक्षक सांगतो की तुमच्या आधी तिघेजण विचारून गेले. त्यातला एक तांदूळवाला होता.

मग गावातल्या त्याच जाणकाराला फोन करा. तो धीर देईल, ‘तिकडे चेक बाउन्स झाला की सरळ जेल, घाबरू नका.’ खात्यात पैसे नाहीत एवढ्यासाठी तुरुंगात टाकण्याची ती पद्धत जानेवारी २०२२ पासून जवळपास संपली. आता तो चेक कोर्टात नेऊन थेट वसुलीला लावता येतो. फसवणूक सिद्ध केलीत तर फौजदारीही आहे. पण वसुली करायला समोर माणूस आणि खात्यात रक्कम लागते, आणि या दोन्ही गोष्टी विमानात बसून गेल्या.

पार्टी खरी निघाली तरी निराश होऊ नका, तिच्याशीही बिघडवता येतं. भाव न ठरवता माल पाठवा. म्हणजे माल तिथे विकेल, तो कमिशन कापेल, उरेल ते तुमचं. कंटेनर उघडल्याच्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर तीन फोटो येतील. एका गोणीला मोड आलेले, एकीला काळी बुरशी, तिसऱ्या फोटोत फक्त ओली जमीन. खाली दोन ओळी: ‘माल खराब. मार्केट डाउन.’ उरलेल्या गोण्यांचं काय, हे विचारायचं नसतं. पाहणीसाठी त्रयस्थ सर्व्हेअर, म्हणजे माल तपासणारा, कोण आणेल, हे आधी लिहून घेतलं असतं तर विचारता आलं असतं. लिहून घेतलंच असेल तर ते अरबी मजकुराच्या खाली सही करून घेतलं असेल. तिथल्या नेहमीच्या कोर्टात अरबी मजकूर चालतो, शेजारचा इंग्रजी नव्हे. सही मात्र तुमची फार वळणदार आली आहे.

अशा वेळी मनातलं मनात ठेवू नये. व्हॉट्सॲपवर त्याला आपल्या निफाडच्या अस्सल भाषेत लिहा. आई-बहीण काढा, व्हॉइस नोट पाठवा, म्हणजे पुरावा स्पष्ट ऐकू येईल. तिथे असं ऑनलाइन शिवीगाळ करणं गुन्हा आहे, अडीच लाख दिरहमपासून पाच लाखांपर्यंत दंड. त्याला मराठी कळणार नाही? त्याचा हिशेबनीस संगमनेरचा असतो हो. आणि त्याचा फोन गुपचूप रेकॉर्ड करून ठेवला असेल तर तोही पोलिसांना आपणहून ऐकवा. परवानगीवाचून केलेलं रेकॉर्डिंग हा वेगळा गुन्हा, एकाच फेरीत दोन्ही आटपतील.

तिथल्या कायद्याचा एवढा बाऊ करू नका, असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. तिथला कायदा निदान तुम्ही झोपल्यावर बदलत नाही. ते काम आपल्या दिल्लीचं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. डिसेंबरात, ७ तारखेला अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून निर्यातच बंद. तुम्ही अवीरमध्ये गिऱ्हाइकाला ‘माल वेळेवर, जबान आहे’ असं सांगत होतात, आणि इकडे ट्रक न्हावाशेवाच्या वाटेवर उभे. पुढे मार्चमध्ये अमिरातीसाठी १४,४०० टन सोडले, पण ते सरकारमान्य सहकारी संस्थेमार्फत. तुमची जबान त्यात बसत नव्हती. मे २०२४ ला बंदी उठली ती टनाला ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क गळ्यात बांधून. शुल्क पुरतं गेलं एप्रिल २०२५ ला. तोवर गिऱ्हाईक पाकिस्तानी कांद्याला सरावलं. करारात ‘सरकारी बंदी आल्यास’ असं एक कलम घालायचं राहिलं, तेव्हा माल न पोचल्याची भरपाई तो तुमच्याकडे मागणार. मागू दे.

शेवटचा उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच. दावा लागतोय असं दिसलं की रातोरात विमान पकडा. नोटीस घेऊ नका, तारखेला जाऊ नका. एकतर्फी निकाल लागेल, लागू दे. दुबईच्या कोर्टाचा हुकूमनामा नाशकात कोण विचारतो? तर जानेवारी २०२० मध्ये आपल्या सरकारनं अमिरातीच्या कोर्टांना अधिसूचनेनं मान्यता दिली. तेव्हापासून तिथला दिवाणी हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात, इथल्याच निकालासारखा, वसुलीला लावता येतो. त्यात एक सोय आहे. पुढच्या तारखांसाठी विमानाचं तिकीट काढायला नको, निफाडहून सकाळची एसटी धरली तरी अकराच्या आत पोचता.