हळदीचा झोन

जानेवारी आला की आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबला स्वयंपाकघराचा वास येतो. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट! कुणी कडुनिंबाचा पाला वाळवतंय, कुणी लसूण ठेचतंय, कुणी घरून हळकुंडं आणून कुटतंय. सांगलीची पोरं, हळद तर हवीच. विषय तोच, वनस्पतीचा अर्क जिवाणू मारतो का; वनस्पती तेवढी बदलते. अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू पसरायचा, भोक पाडून त्यात अर्क घालायचा, 37 अंशाला रात्रभर ठेवायचं. सकाळी भोकाभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की पोरं नाचतात. त्याला झोन म्हणतात. माझ्या वेळी मीही नाचले होते.

पण या झोनने आपल्याला वेड लावलंय असं माझं मत झालंय. प्लेटवर वर्तुळ दिसलं की थेट "हळद म्हणजे नैसर्गिक अँटिबायोटिक". सकाळच्या फॉरवर्डमध्ये तर हळद, तुळस, ओवा सगळेच अँटिबायोटिक असतात.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपला हळदीचा चक्क 14 मिलिमीटरचा झोन मिळाला. मी विचारलं, "नुसतं अल्कोहोल घातलेलं भोक कुठाय?" चेहरे उतरले. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. आणि अल्कोहोल स्वतःच जिवाणू मारतं. पुन्हा प्लेट लावली, शेजारच्या भोकात नुसतं अल्कोहोल. तिथला झोन 11. हळदीची स्वतःची कमाई किती, बघा तुम्हीच.

तिथेच सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची 5 मायक्रोग्रॅमची डिस्क, म्हणजे औषध लावलेली कागदाची चकती, ठेवली, तर नेहमीच्या स्टॅफिलोकॉकसवर 22 ते 30 मिलिमीटरचा झोन येतो. आपण अर्क ओततो तो मिलिग्रॅममध्ये. (अशी थेट तुलना करू नये हे मीच वर्गात शिकवते, कर्क्युमिन अगारमध्ये नीट पसरत नाही. तरी मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममधला हजारपटीचा फरक डोळ्याआड कसा करणार?) आणि खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात पोचतं अगदी किंचित. बरंचसं आतडं आणि यकृतच निकालात काढतात.

खरी गंमत पुढची. त्याच ग्रुपला मी म्हटलं, आता मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद नुसत्या अगारवर टाका. अर्क नको, अल्कोहोल नको. दुसऱ्या दिवशी पिवळ्या कणांच्या भोवती पांढुरक्या, सुरकुतलेल्या कॉलनी. बॅसिलस जिवाणू! एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हळदीलाच इन्फेक्शन झालंय." झालं नव्हतं. हळद शिजवून दहा-पंधरा दिवस उघड्यावर वाळत घालतात; माती, धूळ, जनावरं, सगळं आलंच. बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपं, तर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. भाजीत पडून शिजते तोवर ठीक. उघड्या जखमेवर?

हे मी पोरांना शिकवत होते, तेव्हा माझ्याच घरात काय चाललं होतं ते सांगते. आमचे सासरे, अण्णा. वीस वर्षांची शुगर. चप्पल चावून करंगळीखाली जखम झाली. त्यांनी हळद दाबली, वर कापड गुंडाळलं, आणि कुणाला सांगितलं नाही. "पोरी, हळदीनं कधी कुणाचं वाईट झालंय का?" पायाला संवेदनाच कमी, दुखेना. पाच दिवसांनी वास आला तेव्हा मी कापड सोडलं. सगळं पिवळंधमक. सूज, लाली, काळपटपणा, जे बघून डॉक्टरकडे पळायला हवं होतं ते सगळं हळदीच्या रंगाखाली. करंगळी गेली. पाय वाचला. मला अजून राग येतो, आणि कुणावर काढायचा कळत नाही. प्लेटा लावणारी मी रोज त्यांच्या ताटात वाढत होते.

लोक लगेच पेटंटची लढाई काढतात. काढाच. 1995 मध्ये अमेरिकेने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं, शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा एक भारतीय वैद्यकीय लेख पुराव्यात दिले होते. मला त्याचा अभिमान आहे. पण तिथे सिद्ध काय झालं? हा उपयोग नवा नाही, एवढंच. तो किती चालतो, कुणाच्या जखमेवर चालतो, शुगरवाल्याच्या पायावर चालतो का, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

याचा अर्थ झाडपाल्यात काही नाही, असा कुणी काढू नका. चीनच्या तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी, आणि ते मिळालं एका जुन्या औषधी वनस्पतीतच. अर्क कधी चाले, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात त्यांना ओळ सापडली: वनस्पती पाण्यात भिजवून पिळा. उकळा असं म्हटलंच नव्हतं. त्यांनी ताडलं की उष्णतेने औषध मरतंय, आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. तिथून शुद्ध रेणू, मात्रा, माणसांवरच्या चाचण्या. जुन्या ग्रंथाचा मान राखणं मी याला म्हणते. आपण मात्र दिसेल ते पातेल्यात घालून रटारटा उकळतो आणि काढा म्हणून पितो.

या वर्षी प्रोजेक्टला मी एक अट घातलीय. अल्कोहोलचं भोक नसेल तर प्लेट बघणार नाही. दोन ग्रुप रुसलेत.

अण्णा आता रोज रात्री छोटा आरसा घेऊन बसतात आणि तळपाय उलटा करून बघतात. खरचटलं तर साबण-पाणी, आणि मला हाक. हळदीचं दूध मात्र सोडलेलं नाही. मीच करून देते, बिनसाखरेचं.