व्हॅस्क्युलर सर्जन व्हायचंय? मग मुंबईच गाठा

एमबीबीएसची साडेपाच वर्षं झाली, एमएसची तीन झाली. बरोबरीच्या मित्रांनी तालुक्याला नर्सिंग होमवर आपल्या नावाची पाटी लावली, त्यांची पोरं केजीत जायला लागली. तुमचं वय अवघं तीस. मग घाई कसली? नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा द्या, एमसीएच व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीची पदवी घ्या आणि आणखी तीन वर्षं विद्यार्थी म्हणवून घ्या. शहर मात्र मुंबईच निवडा. समुद्र आहे म्हणतात.

आधी नातेवाइकांची तयारी. ‘म्हणजे हार्टचा डॉक्टर ना?’ असं मामी विचारणारच. हो म्हणून मोकळे व्हा. ‘हृदय आणि मेंदू सोडून बाकीच्या रक्तवाहिन्या’ असं खरं सांगितलंत, तर ‘मग उरलं काय?’ असा पुढचा प्रश्न येतो आणि ठरत आलेलं लग्न पुन्हा चर्चेला जातं. फ्रेंच सर्जन आलेक्सी कारेल ल्यॉनमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून टाके शिकला आणि पुढे १९१२ चं नोबेल घेऊन गेला, हेही घरी बोलू नका. आई शर्टाची बटणं तुमच्यापुढे टाकेल.

आता काम. पायाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडला की हातात साधारण ६ तास असतात, असं पुस्तक म्हणतं. पेशंटने पुस्तक वाचलेलं नसतं, म्हणून तो चौथ्या दिवशी येतो. आधी सायटिका समजून तेलाची मालिश, मग कंबरेचा एमआरआय, मग ॲम्ब्युलन्सने कसारा घाट. पाय गार, पांढरा, बोटं हलत नाहीत. तुम्ही घोट्याला जेली लावून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा डॉपलर टेकवता, नुसती खरखर. तरी धीर सोडू नका. उरलासुरला वेळ असा सत्कारणी लावा: ट्रॉली शोधा, मग वॉर्डबॉय मामांना शोधा (ट्रॉली सापडली की मामा नसतात, हा निसर्गनियम आहे), रक्ताच्या पिशवीसाठी भावाला पळवा, मोफत उपचारांच्या योजनेसाठी लागणारं रेशनकार्ड गावीच राहिल्याचं ऐकून घ्या, आणि फोगार्टी कॅथेटर बाहेरून आणायची चिठ्ठी लिहा.

हे कॅथेटर म्हणजे टोकाशी चिमुकला फुगा असलेली बारीक नळी. गुठळीच्या पलीकडे सरकवायची, फुगा फुगवायचा, बेताने मागे ओढायचं. गांडुळासारखी लांबलचक जांभळी गुठळी बाहेर येते आणि तिच्यामागून रक्ताची चिळकांडी. ती अंगावर उडाली की ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, सगळे खूश होतात. असा आनंद दुसऱ्या कुठल्या नोकरीत नाही. थॉमस फोगार्टीने पहिला नमुना केला तेव्हा सर्जिकल ग्लोव्हचं बोट कापून फुगा बनवला होता. तुम्हीही असं काही शोधून काढालच, फक्त आपल्या नंबरचे ग्लोव्ह स्टोअरमधून मिळायची खोटी.

झोपेची काळजी सरकारने केव्हाच घेतलेली आहे. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर नसावी आणि आठवड्याला एक सुट्टी असावी, असं लिहून ठेवलंय. सर खुशीत असले तर राऊंडला वाचून दाखवा. त्यांनाही दंतकथा आवडतात.

राहिली मुंबई. तीन वर्षांत ती तुम्हाला हॉस्टेल, कॅन्टीन आणि ओटीची लिफ्ट एवढी नक्की दिसेल. मरीन ड्राइव्हला जा, पण रात्री अडीचला, स्क्रब्जवरच. हटकायला आलेला हवालदार आपली शुगर सांगून सल्ला घेऊन जाईल. ‘लोकल ही मुंबईची रक्तवाहिनी’ असं कुणीतरी तुम्हाला मुद्दाम ऐकवेल, तेव्हा नव्याने ऐकल्यासारखं हसा. पावसाळा तर अनुभवायलाच हवा. हिंदमाताला पाणी तुंबलं की तुम्हाला सोडवायला येणारा रेसिडेंट पोचत नाही आणि ड्युटी आपोआप दीड दिवसाची होते.

व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांच्या, ओपीडीत मात्र अधिकारवाणीने बोला. समोर बेस्टचे कंडक्टर, वॉचमन, ट्रॅफिकचे हवालदार. ‘फार वेळ उभं राहू नका,’ असं बजावा. ‘साहेब, नोकरीच उभ्याने आहे,’ असं ते म्हणतील. काल एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा एप्रन चढवून आपण नऊ तास उभे होतो, हे त्यांना सांगू नका. पायात घालायचे घट्ट स्टॉकिंग्ज लिहून द्या आणि दुकानदाराला फोन करून त्यात आपला एक जोड वाढवायला सांगा. डॉक्टरांना दहा टक्के सूट देतो तो.