चेंडू स्विंगच्या मार्गाने निघत नाही

गोल्फ शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षे एक नियम सांगितला जातो आणि व्हिडिओंमधून तो आजही फिरतो: ‘चेंडू स्विंगच्या मार्गाने निघतो, मग फेस जिकडे असेल तिकडे वळतो.’ हा नियम चुकीचा आहे आणि त्यावर भरवसा ठेवून घाम गाळणाऱ्यांचे नुकसान होते. (मार्ग म्हणजे चेंडूला लागताना क्लबचे, म्हणजे गोल्फच्या काठीचे, डोके ज्या दिशेने जाते ती दिशा; फेस म्हणजे त्या डोक्याचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग. पुढची उदाहरणे उजव्या हाताने खेळणाऱ्यांची.)

‘मार्गाने निघतो’ — नाही. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात मुख्य रेटा बसतो तो फेसला काटकोनात. मार्गाचा प्रभाव घर्षणातून येतो आणि तो कमी असतो. सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा ड्रायव्हरला (लांब फटक्याचा क्लब) साधारण ८५ टक्के, आयर्नला (त्याहून कमी अंतराचा क्लब) ७५ टक्के भरतो. समजा, तुमच्या आणि लक्ष्यावरच्या झेंड्याच्या मध्ये २० मीटरवर झाड आहे. जुन्या नियमानुसार तुम्ही आयर्नचा फेस झेंड्याकडे ठेवलात आणि स्विंग ८ अंश उजवीकडे केलात. झाडापाशी चेंडू पावणेतीन मीटर बाजूने जाईल, ही तुमची अपेक्षा. प्रत्यक्षात तो निघेल फक्त २ अंश उजवीकडे, म्हणजे ७० सेंटिमीटर. चेंडू झाडावर आपटणार.

‘फेसकडे वळतो’ — हेही अर्धवट. फेस लक्ष्याच्या कुठे आहे यावर वळण ठरत नाही, तो मार्गाच्या तुलनेत कुठे आहे यावर ठरते. मार्ग ६ अंश उजवीकडे, फेस ३ अंश उजवीकडे: चेंडू उजवीकडे निघून डावीकडे वळतो. लक्ष्यावर परतणारा ड्रॉ (हलका डावीकडे वळणारा फटका) असाच मिळतो, फेस लक्ष्याच्या उजवीकडे असताना.

सर्वात जास्त फटका बसतो तो स्लाइसने त्रासलेल्या नवशिक्याला. त्याचा चेंडू उजवीकडे निघतो आणि आणखी उजवीकडे जातो. जुना नियम त्याला सांगतो, ‘तुझा मार्ग उजवीकडे आहे, डावीकडे मार.’ खरे तर उजवीकडे आहे तो फेस, आणि मार्ग त्याच्या डावीकडे. मार्ग आणखी डावीकडे नेला की दोघांतले अंतर वाढते आणि स्लाइस बळावतो. त्याला आधी ग्रिप (क्लबची पकड) आणि फेस दुरुस्त करून द्यायला हवा. ‘डावीकडे मार’ हा सल्ला महिनोन्‌महिने पाळून निराश झालेल्या माणसात काही कमी नसते, सल्लाच उलटा असतो.

‘बॅकस्पिन (चेंडूचे मागे फिरणे) वेगळा, साइडस्पिन (बाजूला फिरणे) वेगळा’ असेही सोबत सांगतात. चेंडू एका वेळी एकाच अक्षाभोवती फिरतो. तो अक्ष कलला की उड्डाण वळते. फेस आणि मार्गात तेवढाच फरक असूनही वेजचा (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) चेंडू ड्रायव्हरपेक्षा कमी वळतो, कारण जास्त लॉफ्टमुळे (फेसच्या मागे झुकलेल्या कोनामुळे) अक्ष कमी कलतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी १९९० च्या दशकातच ‘डी-प्लेन’च्या (फेस आणि मार्ग यांच्या दिशांतून बनणाऱ्या प्रतलाच्या) रूपात ही भूमिती मांडली होती.

हे सगळे चेंडू फेसच्या मध्यावर लागला तर. तो ड्रायव्हरच्या फेसच्या बाहेरच्या टोकाला (टो) लागला, तर क्लबचे डोके वळते आणि चेंडूला ड्रॉचा स्पिन मिळतो. दांड्याकडच्या टोकाला (हील) लागला, तर फेडचा, म्हणजे उजवीकडे वळवणारा. म्हणून स्विंगमध्ये काही बदलण्याआधी फेसवर पावडर मारून खूण कुठे उमटते ते पाहा.